सुरत ते भावनगर: पंख्याचं विमान, दादा आणि मनीषा

तिकिटं मी दादाला न विचारताच काढली. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी तो हलत नाही. माझा थोरला भाऊ आहे, मी त्याला पुरती ओळखून आहे.

दादाचा जन्म सुरतेत पॉवरलूमवर गेला आणि त्या खडखडाटात कानही गेले. त्याची मुलगी मनीषा बी.कॉम. होऊन विमानतळावर लागली, पण ऑफिसात नाही. लहान विमानं उभी करायची, त्यांची चाकं-काचा बघायच्या, त्यांना वाट दाखवायची, हे तिचं काम. "शिकीसन इमान पुसस?" शिकून विमानं पुसतेस, एवढं बोलून दादानं तिच्याशी अबोला धरला. आता तिची अहमदाबादला बदली झाली होती. पोरगी अशी न बोलता घरातून जाणार, हे काही माझ्या पचनी पडेना. म्हटलं, जायच्या आधी तिचं काम याला दाखवायचंच.

जळगावहून येणाऱ्यांनो, सुरतेत डिंडोलीला, म्हणजे दादाच्या भागात, जायचं असेल तर उधना स्टेशनलाच उतरा. रिक्षा लगेच मिळते. वहिनीनं शेवभाजी इतकी झणझणीत केली होती की डोळ्यांतून पाणी आलं. मनीषा आणि दादा एकाच ताटलीतला कांदा उचलत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते.

सकाळी विमानतळावर बॅगांसोबत आमचंही वजन झालं. लहान विमानात वजन बघूनच जागा देतात, तेव्हा लाजू नका. माझा आकडा मात्र इथे लिहिणार नाही!

दादाला खिडकी मिळाली. बाहेर मनीषा पिवळं जाकीट घालून विमानाभोवती फिरत होती. तिनं चाकं वाकून पाहिली, काच पुसली, सगळ्यांना मागे सारलं आणि मग पंखा सुरू झाला. केवढा तो आवाज! दादा तिच्या कानांवरची जाड कव्हरं बघत होता.

"कान झाकेल शेत तिना," तो पुटपुटला. "बरं शे."

चाकांखालचे ठोकळे काढून ती समोर उभी राहिली आणि हातांनी खुणा करू लागली. दादा एकदम पुढे सरकला. लूमवरही सगळे हातांनीच बोलतात, तिथे शब्द ऐकू येतातच कुठे? लहानपणी मनीषा डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हा बापलेकीच्या गप्पा अशाच चालायच्या. दादानं पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मान हलवली. जेवलीस का?

तिनं पाहिलं. नक्की पाहिलं. पण हात पायलटकडेच राहिले आणि विमान निघालं. मला रडू यायला लागलं.

"रागावली वाटतं," मी त्याच्या कानाशी ओरडले.

"येडी का तू? कामवर शे ती," दादा म्हणाला. आवाजात चक्क अभिमान!

भावनगरला आम्ही गाठिया खाल्ले, घोघ्याचा समुद्र पाहिला, मुक्काम केला. हॉटेल साधंच होतं, पण स्वच्छ. दादाला कशातच रस नव्हता. "उद्या तिनी ड्युटी शे ना?" एवढंच सारखं विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सुरतेत उतरलो तेव्हा समोर तीच होती. तिनं विमानाला जागेवर आणून थांबवलं. पंखा थांबला. तिनं चाकांना ठोकळे लावले, उभी राहिली, हातमोजे काढले. मग आमच्या खिडकीकडे वळून पोटावरून हात फिरवला. जेवले.

कालच्या प्रश्नाचं उत्तर! दादा काचेला हात लावून बसून राहिला. शेवटी मीच त्याला उठवलं.

मी जळगावला परतले. ही सहल नक्की करा, पण खिडकीतून ढगांबरोबर खालच्या माणसांकडेही बघा. मनीषा आता अहमदाबादला आहे. वहिनी सांगते, दादा रोज व्हिडिओ कॉल करतो. फोन कानाला लावायचा नाही, समोर धरायचा आणि बोटं तोंडाशी न्यायची. कधी कधी ती कंटाळून उपाशीच पोटावरून हात फिरवते. दादाला ते लगेच कळतं आणि तो स्वयंपाकघराकडे बघून ओरडतो, "ऐकस का, पोर जेवनी नही अजून!"