गोडदेव ते मीरा रोड: आमचं फील्डवर्क

एम.ए.चं फील्डवर्क संपलं तेव्हा प्रबंध झाला चाळीस पानांचा, आणि त्यात न बसलेल्या गोष्टी साठल्या पोतंभर. प्रबंध कुठे गेला माहीत नाही. पोतं अजून माझ्याकडेच आहे!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मानवशास्त्राच्या आमच्या मॅडमनी मला आणि वर्गातल्या विलासला भाईंदर-मीरा रोडला धाडलं. सूचना एकच: "लोकांत मिसळा. आपण आलोय हे जाणवता कामा नये."

पहिल्या दिवशी भाईंदरच्या गोडदेव गावात, नळावर मी तासभर न जाणवता उभी राहिले. शेवटी एका बाईने भरलेला हंडा माझ्या कमरेवर ठेवला. "उभीच हायेस तं घरी पोचव."

मॅडम म्हणाल्या, "छान. मिसळलीस."

विलास मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या नव्या इमारतींत गेला. एक दार अर्धं उघडलं.

"कुछ नहीं चाहिए."

"मैं कुछ बेचने नहीं आया."

"तो फिर आए क्यों?"

विलासने हाच प्रश्न मॅडमना विचारला. मॅडमनी त्याला आणखी दोन पुस्तकं वाचायला दिली.

मग दोघांनी मिळून घरोघरची वंशावळ काढायची. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, वारलेल्यावर काट. गोडदेवच्या एका आजोबांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि धाकट्या भावाच्या त्रिकोणावर बोट ठेवलं.

"ह्याला काट मार."

"अहो, पण ते जिवंत आहेत!" भाऊ समोरच्या अंगणात दात घासत होता.

"आमच्यात बोलनं न्हाय."

विलास काट मारेना. आजोबांनी त्याचं पेन घेऊन स्वतः मारली.

मॅडम म्हणाल्या, "खोडू नकोस. हाच डेटा!"

मीरा रोडला परभणीकडच्या एक मावशी होत्या. रोज दुपारी त्यांच्या घरी, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून मी प्रश्न विचारायचे. गाव कधी सोडलं, लग्नं कुठे झाली. त्या तांदूळ निवडत उत्तरं द्यायच्या. नुकत्याच प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकत होत्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी आपली वही पुढे केली. "आमच्या बाई रोज पाच वाक्यं लिहून आणा म्हणत्यात. घरी बाहेरचं कोण येतंय? तूच. मग तुझ्यावरच लिहिलं. चुका बघ."

मी पेन उघडलं. टपोरं, जपून काढलेलं अक्षर.

"मुलगी रोज येते. चहा नको म्हणते, दिला की पिते. वेणी स्वतः घालते. आई नाही. विचारायचं नाही."

आईबद्दल मी मावशींना एक शब्दही सांगितला नव्हता.

"लई चुका हायेत का गं?"

मी पेन बंद केलं. "एकही नाही."