मनकर्णाबाईचं शेत

मुकुंदवाडीत स्टेशनच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मनकर्णाबाई दाभाडे दुपारची भाकरी आटोपली की शेतावर जातात. कुणी दारात आलं तर सून करुणा हसू दाबत सांगते, "आत्याबाई रानात गेल्यात, बसा जरा." येणारा बावचळतो, कारण आत्याबाई तर समोरच असतात: प्लास्टिकच्या खुर्चीत, पायांखाली पाट, डोळ्यांवर चष्मा आणि हाताखाली माऊस. शेत कम्प्युटरात आहे.

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. पुढं फारसं हसण्यासारखं नाही.

बाईंचं गाव अजिंठ्याच्या डोंगराखालचं. उमर गेली दुसऱ्याच्या बांधावर. खुरपणी करायची, कापूस वेचायचा, मका सोंगायचा. हात यांचे, पीक दुसऱ्याचं. नवरा सांडू मात्र मोठा हट्टी. गावाचं गायरान म्हणजे सरकारी पडीक माळ, गुरंसुद्धा तोंड लावत नसत असली बरड. त्यातला एक तुकडा या दोघांनी दगड वेचून वेचून कसायला काढला. 'कसेल त्याची जमीन' असं गावातल्या एका भिंतीवर लिहिलेलं होतं. लिहिणारा लिहून गेला, सांडूनं मात्र ते मनावर घेतलं. ज्वारी हुरड्यात आली आणि एका सकाळी जेसीबी आला. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे अतिक्रमण. अतिक्रमण, म्हणजे तुम्ही जमिनीचे चोर. उभ्या ज्वारीवरून लोखंड फिरलं. सांडू त्यानंतर त्या गावचं पाणीसुद्धा प्यायला नाही. बायको-पोराला घेऊन शहरात आला, बांधकामावर राबला आणि झुरून झुरून गेला. मनकर्णाबाई मग पाट्या वाहत राहिल्या, गुडघे जाईपर्यंत.

मुलगा बुद्धभूषण उस्मानपुऱ्यात औषधांच्या एका घाऊक दुकानात बिलं करतो. दिवसभर खोक्यांवरची नावं वाचायची, मालकाचं ऐकायचं, गिऱ्हाइकाचं ऐकायचं. संध्याकाळी घरी येतो तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा. वय काही फार नाही, पण बसता-उठता "हुश्श" म्हणायची सवय त्याला आत्ताच लागली आहे. पोरसवदा होता तेव्हा हा बाबा उद्योगी होता. त्यानं आणि त्याचा दोस्त तन्वीर यानं चोरीचे गेम सीडीवर उतरवून कॉलनीभर विकले होते. मनकर्णाबाईंना त्याचा सुगावा लागला तसं त्यांनी पोराला कान धरून बुद्धमूर्तीसमोर उभं केलं.

"रोज पंचशील म्हणतूस ना? दुसरं शील काय हाय, सांग."

"न दिलेलं घ्यायचं नाय."

"मंग?"

एवढ्यावर धंदा बंद झाला.

पुढं गुडघ्यांनी बाईंना खुर्चीला बांधलं. काम गेलं, माणूस भिंतीकडं बघत बसायला लागलं. एका सुट्टीला बुद्धभूषण जुन्या कम्प्युटरवर शेतीच्या एका गेमचा फुकट नमुना चालवून बघत होता, तर मागून आवाज आला, "नांगराची पाळी उभी कामून घातली रं त्या येड्यानं? उताराला आडवी घालावी ना! सगळी माती वाहून जाईल." त्यानं माऊस मायच्या हातात दिला. पहिले काही दिवस त्या उंदराला धरायचं म्हणून घाबरल्या, मग नांगर वळायला लागला, मग मका उगवला, आणि बाईंच्या तोंडावर कित्येक वर्षांनी ऊन पडलं.

मग मुलानं तो गेम विकत घेतला तेव्हा बाईंनी एकच चौकशी केली होती. "नीट घेतलंस ना? नावावर केलंस ना?"

"व्हय माय. खातं तुझ्याच नावानं हाय, हे बघ."

पडद्यावर वरच्या बाजूला मराठीत लिहिलेलं होतं: मनकर्णा सांडू दाभाडे. खाली शेत. बाईंनी नावावरून बोट फिरवलं. शेताच्या वर आपलं नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं होतं. बुद्धभूषणला त्या दिवशी आपण सातबाराच मिळवून दिल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो जरा फुशारलाही.

बातमी आली ती दुकानात, डबा खाताना, फोनवर. 'पिक्सलपेठ' नावाच्या ज्या ऑनलाइन दुकानातून त्यानं गेम घेतला होता, ते एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं होतं आणि महिनाअखेरीला ते बंद होणार होतं. मग लोकांनी घेतलेले गेम? तेही बंद. खाली कंपनीचा खुलासा होता: ग्राहकांनी गेम विकत घेतलेला नसून खेळण्याची परवानगी घेतली होती, ती परवानगी आता संपत आहे.

परवानगी! आणि बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलं होतं ते काय शोभेला?

बातमीखाली लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली होती. एक म्हणत होता, माझी कॉलेजची सगळी वर्षं या गेमांत आहेत, ती कोण देणार? दुसरा पैसे परत मागत होता. तिसऱ्यानं लिहिलं होतं, आम्ही चोरीचेच खेळतो, आमचं कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. सगळ्यांत जास्त अंगठे त्यालाच मिळाले होते. बुद्धभूषणनं डबा तसाच झाकला.

त्यानं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." त्यानं पुन्हा लिहिलं, माझी माय म्हातारी आहे, तिचं शेत आहे त्यात, तेवढं एक राहू द्या. पुन्हा तेच उत्तर, काना-मात्रा न बदलता. भावना समजतात म्हणे! दगडाला सांगितलं असतं तर दगड निदान गप्प तरी बसला असता.

तन्वीरचं आता तिथंच उस्मानपुऱ्यात मोबाइलचं दुकान आहे. तो सगळं ऐकून उखडला. "अरे भूषण, कुंपणानंच शेत खाल्लं, अन् तू काय शरम धरतो? मैं देता ना पेन ड्राइव में. वोइच गेम, वोइच खेत, मका भी वोइच. खाला को मालूम बी नै पडता." आणि त्यानं पेन ड्राइव्ह बुद्धभूषणच्या खिशात कोंबला.

तो कित्येक दिवस खिशातच राहिला. घरी आलं की माय म्हणायची, "भूषण, मका बघ की, तुरे फुटले," आणि हा "व्हय माय" म्हणून तोंड धुवायला जायचा. सांगावं तर जीभ रेटत नव्हती, न सांगावं तर तारीख जवळ येत होती. फार कंटाळला होता तो. कंपनीला, बातम्यांना, आणि दर वेळी आपल्यालाच नीट वागायला लागतं या गोष्टीला.

पौर्णिमेला मनकर्णाबाई करुणाचा हात धरून विहारात वंदनेला गेल्या. घरात कुणी नव्हतं. बुद्धभूषणनं पेन ड्राइव्ह कम्प्युटरला लावला आणि तो नुसताच बसला. हात पुढं जाईना. पांढऱ्या साडीत माय दारात येऊन उभी राहिली तरी तो तसाच बसलेला होता.

"काय झालं रं? तोंड असं कामून?"

"माय, शेत जातंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. दुकान, कंपनी, महिनाअखेर. बाई खुर्चीत टेकून ऐकत राहिल्या.

"पर नाव तर माझंच हाय की वर."

"नाव तुझं. मालकी त्यांची. आपल्याला निस्ती कसायची परवानगी व्हती."

बाई म्हणाल्या, "म्हंजी गायरानच की रं."

बुद्धभूषणच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लोकांनी इतक्या शिव्या लिहिल्या होत्या, पण हा शब्द कुणालाच सापडला नव्हता.

"तारीख दिलीय ना?" बाईंनी विचारलं.

"दिलीय."

"बरं. त्या बारीला तीबी नव्हती." मग त्यांची नजर पेन ड्राइव्हवर गेली. "हे काय?"

"तन्वीरनं दिलंय. ह्यात तेच शेत हाय. कुणाला कळायचं नाय, कुणाला बंदबी करता यायचं नाय."

"चोरीचं?"

"चोर ते हायत, माय!" तो ओरडलाच. "आपण नीट घेतलं व्हतं! आपण कुणाचं काय चोरलं?"

"कायच नाय. तवाबी काय चोरलं नव्हतं." बाईंचा आवाज चढला नाही. "तरी आमाला चोर म्हणले. तुझा बाप त्या एका शब्दापायी गेला. आता चोरून त्यांचं बोलणं खरं करू का मी? काढ ते."

त्यानं काढलं.

"मका कवा भरंल?"

"तारखेच्या आत भरंल."

"मंग उभं पीक सोडायचं नाय."

त्यानंतर बाईंनी एकही दुपार चुकवली नाही. शेवटच्या दिवशी बुद्धभूषणनं दुकानातून सुट्टी घेतली. मालक कुरकुरला, कुरकुरू दे. मनकर्णाबाईंनी एकेक सरी करत सगळा मका सोंगला, कोठार भरलं, गोठ्याचं दार उघडून गाय-वासरू मोकळं केलं. करुणा चहा घेऊन आली, पण आज तिनं "रानात" वगैरे काही चेष्टा केली नाही, ती सासूच्या मागं उभी राहिली.

"आता हे रान कुणाला देणार?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाय, माय. पुसून टाकणार."

"कुणी कसणार नाय?"

"नाय."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "मागच्या साली लग्नाला गेले व्हते ना गावाकडं, तवा गायरानात जाऊन आले. तुला बोलले नाय. निस्त्या बाभळी, भूषण. आपल्यामागं कुणी नांगर लावलाच नाय तिथं."

चष्मा परत डोळ्यांवर चढवून त्या पडद्याकडं बघत राहिल्या. वर त्यांचं नाव होतं, खाली मोकळं रान होतं.

"कसायचं नव्हतं, तर घेतलं कामून रं आमच्याकडून?"