माळ घातलेल्या मशीनमधली पट्टी

भूतखेत, बाधा, नजर यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पेडण्याच्या माणसाने असं म्हणणं म्हणजे जरा आगाऊपणाच... आमच्याकडे वाड्यावाड्याला राखणदार, म्हणजे झाडावर राहून वाडा राखणारा देव, असतो आणि त्याला जाड भाकरीचा रोट आणि विडी ठेवल्याशिवाय कुणी घराचा पायासुद्धा खणत नाही. मी पडलो मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. राखणदार ज्या फांदीवर बसतो तिच्यावर ताण किती येत असेल, असले प्रश्न विचारून आईला पिडायचो. गेल्या दसऱ्यापासून विचारत नाही.

आमचं घर हळर्णला. रस्त्याला लागून बाबांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. खिडक्यांचे ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडी, असली कामं. शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट वेल्डिंगच्या ताकदीवरच होता. लोखंडाचे दोन तुकडे वेल्ड करून एक लांब पट्टी करायची आणि ती कॉलेजच्या लॅबमधल्या यूटीएमवर लावायची. यूटीएम म्हणजे पट्टी दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढणारी उभी मशीन. वेल्ड चांगला असेल तर पट्टी दुसरीकडे कुठेतरी तुटते, जोडावर नाही. पट्ट्या अर्थातच बाबांनी करून दिल्या. सकाळी न्हाऊन, देवापुढे उदबत्ती लावून मग कामाला बसले होते. दुकानावर चहाला गेले की सांगायचे, माझं काम आता कॉलेजात तपासतात.

पहिली पट्टी जोडावरच तुटली. दुसरीही तशीच. तुटलेल्या जागी आत काळी भोकं, कचरा अडकलेला. मला बघताक्षणी कळलं. बाबांच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदू, वाढत होता. पेपर ते हात लांब करून, उजेडाकडे तोंड करून वाचायचे, आणि आम्ही घरातले सगळे ते न बघितल्यासारखं करायचो. वेल्डिंगच्या काळ्या काचेआड त्यांना जोडाची रेघ नीट दिसतच नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच दिवसांत बाबा आमच्या वाड्यावरच्या देवळापुढे मोठी शेड घालत होते. खाली दशावताराला सगळा वाडा बसणार, बायका-पोरं, म्हातारी माणसं. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्रा पेलणारे लोखंडी सांगाडे, बाबांनी त्याच हातांनी वेल्ड केल्या होत्या.

मी मूग गिळून गप्प बसलो. कारण विचाराल तर लाज वाटते सांगायला. बाबांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे माझा प्रोजेक्ट. मी डिचोलीच्या एका वर्कशॉपमधून दुसऱ्या पट्ट्या करून आणल्या, त्यांचे आकडे झकास आले. घरी सांगितलं, तुमच्या पट्ट्या एकदम पास. बाबांनी त्या दिवशी बाजारातून विसवण, म्हणजे सुरमई मासा, आणला. मी तो जेवलो. संध्याकाळी शेडीच्या कामावर जाऊन त्यांची शिडीही धरली. दसरा होऊ दे, मग सांगू, असं रोज स्वतःला समजावत होतो.

खंडेनवमीला सकाळी लॅबमध्ये गेलो. बाबांची एक पट्टी उरली होती. वाटलं, निदान ही तरी टिकेल... टिकली तर सांगावंच लागणार नाही. पट्टी जबड्यांत घट्ट आवळली आणि बटणाकडे हात नेणार तोच लॅब असिस्टंट निंगप्पाकाका फुलं घेऊन आले. बेळगावकडचे, पण कैक वर्षं डिचोलीतच राहतात. मशीन धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून नवमीला पुजायची आणि मग दसरा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. आमच्या वर्कशॉपमध्येही तसाच.

"आज तिला इसावा," ते म्हणाले. "पट्टी मागनं वडा की."

मी पट्टी काढायला गेलो तर म्हणाले, राहू दे, रिकाम्या तोंडाची मशीन काय पुजायची. मग त्यांनी मेन स्विच बंद केला, झेंडूची माळ वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्यापर्यंत ताणून बांधली, नारळ फोडला आणि माझ्यासमोर लॅबला कुलूप लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं तेव्हाही मी सोबत होतो. स्विच बंदच. माळ सुकलेली, पण जशीच्या तशी ताणलेली. आणि माळेमागे पट्टी तुटली होती... जोडावर. दोन तुकड्यांमध्ये बोट जाईल एवढी फट. मी खरंच बोट घालून बघितलं. एवढी फट पडायला जबडे लांब जायला हवेत, आणि जबडे हलले असते तर माळेचा दोरा तुटला असता. या मशीनवर एक लाल काटा असतो, जास्तीत जास्त जितका ताण पडला तिथे तो थांबून राहतो. तो शून्यावर होता. निंगप्पाकाकांनी चपला काढल्या.

मला मशीनची नाही, शेडीची भीती वाटली. बाबा त्याच दिवशी पत्रे चढवणार होते. फोन केला, उचलला नाही. स्कूटर काढली आणि हळर्ण गाठलं. बाबा कैचीवर बसलेले, खाली पत्रे द्यायला चार-पाच माणसं. मी त्यांना खाली बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं वेल्डिंग धरत नाही, पट्ट्या तुटल्या, मी खोटं बोललो. बाबांनी वर कैचीकडे बघितलं. सगळ्यांना बाजूला केलं आणि कैचीखालचा टेकू दोर बांधून लांबून ओढला. मधला जोड उघडला आणि कैची खाली आली. मघाशी माणसं उभी होती तिथेच.

वाड्यावर मी हिरो झालो. पोराने बापाला वाचवलं म्हणून देवळात माझ्या नावाने नारळ ठेवला. देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस माझं नाव घेत होता तेव्हा जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

प्रोजेक्टच्या सरांना पट्टी दाखवली. ते म्हणाले, पावसात वेल्डिंगचे रॉड दमट होतात, जोड मागाहून आपोआप तडकू शकतो. ते मी पण शिकलोय. पण तडा जाणं वेगळं आणि बोटभर फट पडणं वेगळं. फटीचं विचारलं तर सरांनी ती पट्टी हातात फिरवली आणि परत दिली. 

बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता पेपर मांडीवर ठेवून वाचतात. पण वेल्डिंगला हात लावत नाहीत, वर्कशॉप चुलतभाऊ बघतो. गेल्या महिन्यात मी धीर करून म्हटलं, बाबा, आता तुमका समका दिसता, परत सुरू करा. लोक विसरले ते.

"लोकांचा काय नाय रे," बाबा म्हणाले. "वेल्डिंग माझा चुकला, ता मी मान्य करतंय. पण मी वर चडललंय, आणि तुका सगळा म्हायत होता. तू माझी शिडी धरून उभो होतंस."

मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी पेपर उचलला आणि वाचायला घेतला.