नातीच्या दंडावरचा व्रण

मला वेशीवर पाहिलं रे पाहिलं की हे गृहस्थ शीतळामातेच्या देवळाची घंटा बडवायला लागायचे. आरतीबिरती काही नाही हो, बायांना इशारा! मी चावडीपर्यंत पोचेतो सगळ्या जणी लेकरं काखोटीला मारून कपाशीत पसार झालेल्या असायच्या.

मी सरकारचा देवीची लस टोचणारा आणि ते शहाद्याकडच्या त्या गावचे पुजारी. तुम्हीही असे बाबा पाहिले असतील. घंटा वाजवून झाली की मलाच ओट्यावर बसवून ताक द्यायचे. "आईना रोग शे, आईच बरा करी. तुम्ही मझार काबर पडतस?" मी मध्ये का पडतो, हा त्यांचा सवाल. ताक मात्र फक्कड असायचं. राग धरवत नसे.

एका दुपारी तेच नंदुरबारला माझ्या बिऱ्हाडी आले, तेही मागच्या दाराने. बोटाला सहा वर्षांची नात. मुलगा-सून वारलेले, ही एवढीच उरलेली.

"हिले टोचा," म्हणाले, "पन गावमा कोनले सांगू नका."

म्हाताऱ्याने हात जोडले होते. मी टोचलं आणि शब्द दिला.

पुढच्याच उन्हाळ्यात गावात साथ शिरली. आठ पोरं गेली. नातीच्या अंगावर एक फोडसुद्धा उठला नाही. झालं! आईने हिला पदराखाली घेतलंय म्हणून लोक आपली लेकरं आणून तिच्या पायांवर घालू लागले. ती बिचारी घाबरून आजोबांमागे लपायची.

मी गेलो तेव्हा बाबा देवळाच्या उंबऱ्यात बसले होते, पार वाळलेले. "कानमा सारखा त्या लेकरंसना आवाज येस," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात एक बाई आली. तिचा थोरला चार दिवसांपूर्वी गेला होता. धाकटीला ती नातीच्या पायांवर ठेवणार, तोच बाबांनी नातीची बाही वर सारली आणि दंडावरचा व्रण सगळ्यांना दाखवला.

"आईनी नही, सुईनी वाचाडी हिले. मीच नंदुरबारले लई जाईसन टोचाडी आनी."

कुणी अंगावर धावलं नाही. बाईने फक्त विचारलं, "मंग पहिले काबर सांगं नही, बाबा?"

दुसऱ्या दिवशी देऊळ उघडं होतं. आजोबा आणि नात कुठे गेले, कुणालाच कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

चावडीवर मात्र रांग लागली. ती बाईही धाकटीला घेऊन आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "ती पोरले तुम्हीच टोचं व्हतं ना?"

मी हो म्हणालो. तिने धाकटीचा दंड तेवढा पुढे केला. मला बाबांना दिलेला शब्द आठवला, आणि उचललेली सुई मी खाली ठेवली.