बाबू उमरेडला आहे

हे मी सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं. बाबांनी मला स्वयंपाकघरात उभं करून बजावलं होतं, "माले, कोजागिरी होऊन जाऊ दे. तोवर कोणापाशी तोंड उघडू नको." मी तशीही फारसं तोंड उघडत नाही. वर्गात हजेरीला 'यस मॅडम' म्हणते, तेसुद्धा पहिल्या खेपेला ऐकू जात नाही! पण कोजागिरी काल झाली. शिवाय ज्या घरात रडायला बंदी असते, तिथे किस्से फार साठतात. कुठेतरी ठेवायला नकोत का?

आधी काय झालं ते सांगते. आमचा बाबू पाच महिन्यांचा होता. त्याला ताप आला, कोराडीच्या दवाखान्यातून शहरात, रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तो परत आला नाही. आई एकटी आली. राजू आठ वर्षांचा, मुन्नी साडेचार. त्यांना सांगितलं की आईला ताप आहे, तो बाळाला लागू नये म्हणून बाबूला मामा-मामीकडे उमरेडला ठेवलंय. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपून राहायची. पोरं रडली तर ती सावरायची नाही, असं बाबांचं म्हणणं. म्हणून सण संपेपर्यंत बाबू उमरेडला.

सण म्हणजे भुलाबाई. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई माहेरी येऊन बसते, शेजारी भुलोजी, मांडीवर त्यांचं बाळ. संध्याकाळी पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. शेवटी त्या घरची बाई खाऊ डब्यात लपवते आणि डबा वाजवते. आवाजावरून ओळखायचं. ओळखल्याशिवाय खाऊ नाही! लहान मुलं असलेल्या घरात हा महिना वर्षातला सगळ्यात मोठा.

तर ऐका.

* * *

पहिली अडचण सुतकाची. शेजारच्या कमलकाकू दारातच हळू आवाजात बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, घरात भुलाबाई कशी ठेवता?"

"उठवली तर पोरं विचारतील."

"मंग सुतक फिटेपर्यंत माझ्या घरी नेतो. पोराईले सांगा, भुलाबाई माहेरी गेली."

काकूंनी मूर्ती ताटात ठेवल्या, पदराखाली झाकल्या आणि निघाल्या. मुन्नी आडवी आली. "कुठं नेता वं?"

"तिच्या माहेरी, बाई."

मुन्नीने विचार केला. "माहेरीच तं आली होती! आता आमच्या घरी तिले काय झालं?"

काकू चांगल्या बोलक्या आहेत, नळावर त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. पण त्या ताट पदराखाली सावरत तरातरा निघून गेल्या.

* * *

मग दुधाचा प्रश्न निघाला. तोही मुन्नीनेच काढला.

"मामीले तं बाळ नाही. मंग बाबूले दूध कोण पाजते?"

बाबा जेवत होते. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "मामाची गाय आहे ना."

झालं! दुसऱ्या दिवशी मुन्नीने पावर हाऊसच्या कॉलनीत आमच्या लाइनीतल्या सगळ्या क्वार्टरांत जाऊन बातमी दिली, "आमच्या बाबूले उमरेडच्या गाईनं ठेवून घेतलं! ते आता देतच नाही म्हणते!"

बाया दारात उभ्या राहून ऐकायच्या. हसावं तर कसं, आणि न हसावं तर पोरगी तोंडाकडे पाहत उभी! शेवटच्या क्वार्टरातल्या आजींनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "मंग तुमी काय करसान?"

"काही नाही," मुन्नी म्हणाली. "गाईचं मन भरलं का तेच देईन."

* * *

सगळ्यात कठीण गेलं ते भेटायला येणाऱ्या बायांचं. त्या शहरातून बसने यायच्या. लकडगंजच्या आत्याबाई, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तर फाटकापासूनच सुरू झाल्या. तोंडाला पदर, खांदे हलतायत. राजू आणि मुन्नी ओट्यावरच बसलेले.

कमलकाकूंनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "अवं आत्याबाई, दात दुखते का? फार दुखते का?"

आत्याबाई हुशार. त्यांनी गालाला हात लावला. मुन्नी आत पळाली आणि लवंग घेऊन आली. "दाढेखाली धरा. चावू नका." आत्याबाईंनी लवंग तोंडात धरली आणि आईजवळ बसून दातदुखीच्या नावाने मनसोक्त रडून घेतलं. आई रडली नाही. ती आत्याबाईंना म्हणाली सुद्धा नाही की बसा.

त्यानंतर दोन दिवसांत मावशी आली, बाबांच्या मामी आल्या, मामेबहीण आली. सगळ्यांचे दात! मुन्नी दारात लवंगांची डबी घेऊनच बसलेली. मामेबहिणीपर्यंत लवंगा संपल्या, तेव्हा ती बाबांकडे गेली आणि गंभीरपणे म्हणाली, "बाबा, कोराडीच्या बसमधी बसलं का दात दुखतात काय गा?"

बाबा म्हणाले, "हो. रस्ता खराब आहे."

* * *

सुतक फिटल्यावर भुलाबाई परत आमच्या घरी आली. आता आमच्याकडे खाऊ कोण लपवणार? दरवर्षी आई लपवायची. पूर्ण कॉलनीत आईचा खाऊ कोणाला ओळखता यायचा नाही, पोरी शेवटी पायाच पडायच्या! या वर्षी माझ्यावर आलं. मी पहिल्या दिवशी फुटाणे ठेवले. डबा एकदा हलवला, आणि सगळ्या एकदम ओरडल्या, "फुटाणे!" दुसऱ्या दिवशी लाह्या, तेही तसंच. तिसऱ्या दिवशी मी डबा नुसता उचलला तर एक पोरगी म्हणाली, "गूळ-खोबरं. मालूताईच्या तोंडावर दिसते."

माझी ही फजिती पाहून एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "थांब. आज मी लपवतो."

बाबा पावर हाऊसमध्ये टर्बाइनजवळ काम करतात. त्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी डब्यात उकडलेले शिंगाडे भरले, डबा कानाशी धरून हलवला, आणि समाधानाने म्हणाले, "काहीच वाजत नाही!"

बाहेर धप धप आवाज अंगणापर्यंत गेला होता. "शिंगाडे!"

बाबा खरंच चकित झाले. "इतक्या लवकर? अन् मंग तुमची आई कापडात गुंडाळून ठेवते, ते कसं नाही—"

"सांगतात का असं कोणाले!"

खाटेवरून आवाज आला. आई आमच्याकडे तोंड करून बघत होती. दवाखान्यातून आल्यापासूनचं ते तिचं पहिलं वाक्य. बाबांना तेही ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं. बाबा डबा घेऊन मोरीत गेले आणि बराच वेळ धूतच राहिले. डबा काही तेवढा खराब झालेला नव्हता.

आई पुन्हा भिंतीकडे वळली.

* * *

भुलाबाईची गाणी ठरलेल्या क्रमाने येतात. ती माहेरी येते, तिला डोहाळे लागतात, बाळ होतं, मग पाळणा.  आमच्या घरी ते गाणं नको, असं पोरींना कसं सांगू? मला तर 'जरा सरका' म्हणतानाही घाम फुटतो.

पहिल्या दिवशी पोरींनी पाळण्याच्या ओळीला हात घातला आणि राजूने टिपऱ्या खाली टाकल्या. "हे नाही म्हणायचं. यावर टिपरी जमत नाही."

"तुले जमत नाही! तू राहू दे!" पोरी म्हणाल्या.

"मंग मी थाळी वाजवतो," असं म्हणून त्याने थाळी आणि पळी घेतली आणि असा धडाधड दणका सुरू केला की कोणाला काही ऐकूच येईना. पोरींनी कान झाकले, गाणं सोडलं आणि पुढचं धरलं. रोज हेच! शेवटी पोरींनी त्याचं नाव 'टर्बाइन' ठेवलं आणि आमच्या घरी पाळणा म्हणणंच बंद केलं.

मी मनातल्या मनात त्याच्या वांडपणाचे आभार मानले. त्या दिवशी थाळीला एक पोचा आला तो आलाच.

* * *

या सगळ्यात राजूचं एक टुमणं चालू होतं. "मले उमरेडले नेऊन द्या. बाबूले पाहून येतो." त्याने बाबांना रोज भंडावून सोडलं. बाबा कधी म्हणायचे, शिफ्ट आहे. कधी म्हणायचे, बस बंद आहे. एकदा म्हणाले, उमरेडला पूल खचला.

राजू म्हणाला, "पूल खचला तं मामा काल भाजी घेऊन कसा आला?"

मामा खरंच आला होता, आणि त्यानेही दाराशी येऊन दातच दुखवले होते.

बाबांनी चपला घातल्या आणि "उशीर झाला" म्हणत ड्युटीवर निघून गेले. ड्युटीला अजून पुष्कळ वेळ होता. राजू ओट्यावर उभा राहून ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिला. मग आत आला, दप्तर काढलं आणि पाढे म्हणत बसला. त्यानंतर त्याने उमरेडचं नाव काढलं नाही. मला वाटलं, चला, पोरगं विसरलं. लहान मुलं लवकर विसरतात, असं सगळे म्हणतातच.

* * *

आता कालचं.

कोजागिरीला भुलाबाई ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसते. काल सगळ्या लाइनीची भुलाबाई आमच्या अंगणात होती. कमलकाकू चुलीवर दूध आटवत होत्या. दुधावर झाकण धरून बसावं लागतं, कारण आमच्याकडे चांदण्यासोबत पावर हाऊसची राखही पडते. आणि आई उठून बाहेर आली! पायरीवर शाल घेऊन बसली. बाया तिच्याकडे बघायच्या आणि दुधाकडे बघितल्यासारखं करायच्या.

गाणी झाली. खाऊ ओळखणं सुरू झालं. प्रत्येक घरचा डबा होता. सगळं संपल्यावर मुन्नी उठली. "आता माया खाऊ!"

तिच्या हातात हळदीकुंकवाची जुनी पितळी डबी होती. मला वाटलं, असतील चिंचोके. तिने डबी हलवली. बारीक, गोड आवाज आला.

"साखरफुटाणे!"

"नाही!"

"गोळ्या! लिमलेटच्या गोळ्या!"

"नाही!"

पोरींनी चिंचा म्हटलं, बोरं म्हटलं, एकीने तर चणे म्हणून डबी हुंगून पाहिली. मुन्नी आनंदाने नुसती उड्या मारत होती. आईचा सोडला तर असा खाऊ लाइनीत कोणाचा झाला नव्हता. शेवटी सगळ्या म्हणाल्या, "हरलो बाप्पा! सांग!"

मुन्नीने झाकण काढलं. "बाबूचे वाळे! आईच्या उशीखाली होते!"

कमलकाकूंची पळी दुधातच राहिली. एक पोरगी हसायला लागली होती, ती थांबली. आईने शाल दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मुन्नीने वाळे बाहेर काढले, उलटेसुलटे पाहिले, आणि मग माझ्याकडे वळली. "पण ताई, बाबू वाळे काढून काहून गेला?"

 महिनाभर मी इतकं खोटं ऐकलं, त्यातलं एकही कामाला आलं नाही. बाबा पलीकडे सतरंजीवर होते. "काय म्हणते ते?" त्यांनी विचारलं. त्यांना कोणीच सांगितलं नाही.

तेव्हा राजू बोलला. तो टिपऱ्या फडक्यात गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही.

"अवं येडे, ते त्याले लहान झाले. मामानं मोठे घेऊन देले. घुंगराचे. चालते तं छुमछुम वाजतात."

"चालते?"

"मंग! धरून धरून चालते. मी पाहिलं ना!"

मुन्नीचं समाधान झालं. तिने वाळे डबीत टाकले, झाकण लावलं आणि दूध मागितलं. आई राजूकडे पाहत होती.  मग तिने विचारलं, "कोणत्या रंगाचे घुंगरू आहेत रे, राजा?"

"पांढरे," राजू म्हणाला. अजूनही टिपऱ्यांकडेच बघत.

"हो," आई म्हणाली. "पांढरेच."

राजू दोन वर्षांत उमरेडला गेलेला नाही. आज सकाळपासून मी त्याच्याकडे बघते आहे. तो ओट्यावर बसून मुन्नीला टिपऱ्या शिकवून राहिला आहे. बाबा अजून ड्युटीवरून यायचे आहेत, आणि आल्यावर ते दोघांना जवळ बसवून सांगायला लागतील, तेव्हा मला वाटतं राजू—

आई आतून हाक मारतेय. "माले, ये वं इकडे. राजूलेबी आण. मुन्नीले खेळू दे."