डिक्कीतली सरकी
कापसातून बी वेगळं करणाऱ्या जिनिंगसमोरून गाडी नेली की सरकीचा वास येतो आणि मला दिग्रसमधली ती दुपार आठवते. बाबांच्या जुन्या गाडीच्या डिक्कीत बसवायला मी महिनाभर खपून स्पीकरचा प्लायवूडचा डबा बनवला होता. आवाज घुमू नये म्हणून आत काहीतरी मऊ भरतात, एवढं ऐकलेलं. मी घरचा कापूस ठासला. गाणं लावलं, तर प्रत्येक ठेक्याला आत खडखड. "डब्यात उंदीर शिरला का बे? काढून फेक तो," बाबा म्हणाले. मी डबा गॅरेजवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी कान लावून तो हलवला आणि ते हसले, "अरे, सरकी कायले ठेवली आत? फोम टाक, बेटा." "नाही चाचा, आमचाच कापूस राहीन." सगळे स्क्रू उघडले, तिथेच फरशीवर बसलो आणि बोटं सोलवटेपर्यंत एकेक सरकी वेगळी करून कापूस परत भरला. संध्याकाळी बाबा गाडीत बसले आणि खडखड नसलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग सरकीची पिशवी उचलून म्हशीला चारायला गेले. ती गाडी कधीच विकली. डबा मात्र माझ्या आजच्या गाडीत आहे, आणि बाबा बसण्याआधी अजूनही डिक्कीवर थाप मारून विचारतात, "सरकी त नाही राह्यली ना बे?"