धोंडा म्हणजे जमीन नव्हे

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी छडी मारली, ती मी मोडून त्यांच्याच हातात दिली आणि घरी आलो, तो पुन्हा गेलोच नाही. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या पोटात घालाव्यात. सांगण्यात चूक निघणार नाही.

जर्मनची लढाई संपली आणि आमच्या गावचे शिपाई एकेक करून घरी आले. गाव उंब्रजपासून दोन कोस, कृष्णेच्या काठाला. मी तवा विशीतला, तालमीतला गडी. आलेल्या शिपायांत आमच्या भावकीतला एक होता, माझ्याहून सहा वर्षांनी थोरला. मी त्याला दादा म्हणायचो. तो रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचा, आमचे जोर-बैठका बघायचा आणि हसायचा.

"तुमची ताकद तालमीच्या हौद्यातल्या मातीपुरती," एक दिवस तो म्हणाला. "पाठीवर शिपायाचा पिठ्ठू टाकून डोंगर चढा, मग कळंल कुणाच्या मांड्यात काय हाय."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझी छाती भरली का रं आता?"

सगळे हसले. मी दोन वर्षांमागं साताऱ्याला भरतीला गेलो होतो आणि छाती अर्धा इंच कमी पडली म्हणून मला परत लावलं होतं. गावात मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला कुठनं कळलं देव जाणे. मी म्हणालो, "दादा, तुमचा पिठ्ठू आन तुमी. डोंगर मी लहानपणापास्नं चढतोय."

आमचे वस्ताद कोपऱ्यात लंगोट पिळत होते. एक कान मोडलेला, बोलणं कमी. ते म्हणाले, "मग हून जाऊ द्या की. पर रिकामं वजन कशाला न्यायचं? वर देवाच्या हौदाला गिलावा करायचा राहिलाय. वाळू न्या."

डोंगरावर खंडोबाचं ठाणं आहे. यात्रा महिन्यावर आली होती आणि पाण्याचा हौद गळत होता. वरचा कातळ गाढवंसुद्धा चढत नाहीत, म्हणून वाळू न्यायला कुणी तयार नव्हतं. वस्तादांनी शर्यत लावून ते काम आमच्या पाठीवर घातलं, हे मला लय उशिरा उमगलं.

नेम असा ठरला. प्रत्येकानं अर्धा मण वाळू पोत्यात भरून पाठीला बांधायची. खाली तोलायची, वर पुन्हा तोलायची. वाटेत पोतं जमिनीला टेकवायचं नाही. पहिला येईल त्यानं भंडारा उचलून 'नेमानं आलो' अशी देवापुढं शपथ घ्यायची, मग नारळ आणि फेटा. आणि वस्ताद शेवटी म्हणाले, "वाळू कमी आनली न्हाईतर पोतं टेकवलं, तर सालभर माझ्या हौद्यात पाय ठेवायचा न्हाई. मग तो कुणी का आसंना."

ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मी मात्र हसलो नाही. त्या यात्रेत माझी कुस्ती नेमून लागली होती, आयुष्यात पहिल्यांदा, सांगलीकडच्या एका पैलवानाशी. हौदा बंद झाला तर मेहनत बंद आणि कुस्ती गेली.

शर्यतीच्या सकाळी निम्मं गाव नदीवर आलं, निम्मं वर देवाला गेलं. हलगी वाजत होती. पंधरा-सोळा गडी काठावरच्या ढिगातली कोरडी वाळू भरत होते. मी गवंड्याच्या हाताखाली राबलेला माणूस. त्या ढिगात माती होती, आणि मातकट वाळूचा गिलावा धरत नाही. देवाच्या हौदाला तसली वाळू न्यायची मला लाज वाटली. मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि धुतलेली, स्वच्छ वाळू उपसून भरली. तागडीला वीस शेर बरोबर उतरली. कमी नाही, जास्ती नाही.

शिंग वाजलं तसे सगळे पळाले. गावातला मिठाईवाला, पोट पुढं आणि पोतं मागं, पहिल्या चढालाच एका बाभळीला टेकून उभा राहिला आणि बिडी पेटवून ओरडला, "व्हा रं पुढं, मी मागनं राखन करतो!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. गंमत होती ती तिथवरच. पुढं घाणेरीची झुडपं लागली आणि बोलणं बंद झालं.

दादा पुढं होता. पळत नव्हता. एकाच चालीनं, मान खाली घालून, जसं काही त्याला दिवसभर चालायचंय. मी झुडपांत दोघा-चौघांना मागं टाकलं, पण त्याची पाठ जवळ येईना. माझी पाठ ओली झाली होती, धोतर भिजून मांड्यांना चिकटत होतं. मला वाटलं, घाम. काथ्याची दोरी खांद्यात रुतत होती आणि मनात एकच चाललं होतं, अर्धा इंच, अर्धा इंच.

कातळ लागला तिथं मी त्याला गाठलं. शेजारनं जाताना म्हणालो, "दादा, छाती मोजून घेता का?"

तो हसला नाही. "बोलू नगंस. दम राख," एवढंच म्हणाला.

मी पुढं निघालो. कातळ संपताना वाट एका मोठ्या धोंड्याला वळसा घालते. तिथं माझ्या उजव्या खांद्याची गाठ सुटली. पोतं एका अंगाला कललं, आता पडतंय का मग पडतंय. मागं वळून बघितलं, धोंड्याच्या आड कुणाला दिसत नव्हतो. छातीइतका उंच धोंडा. मी पोत्याचं बूड त्याच्यावर टेकवलं, गाठ मारली आणि निघालो. पाच-सात श्वास गेले असतील. चालताना मनाशी म्हटलं, जमिनीला टेकवायचं नाही असं ठरलंय. धोंडा म्हणजे काय जमीन नव्हे.

वर मी पहिला पोचलो. दादा पन्नास पावलं मागं.

वस्ताद पहाटेच वर येऊन तागडी टांगून बसले होते, शेजारी दुसरी हलगी वाजत होती. माझं पोतं पारड्यात घातलं आणि पारडं वर राहिलं. वस्तादांनी वजनाच्या पारड्यातलं शेराचं माप काढलं. तरी वर. पावशेर काढलं, तेव्हा काटा उभा राहिला. सव्वा शेर कमी.

हलगी थांबली. मागनं येणारे तागडीभोवती जमत होते. कुणीतरी म्हणालं, "वाळूला पाय फुटलं जनू."

"सांडलीस?" वस्तादांनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी पोतं उलटंपालटं करून बघितलं. भोक नव्हतं. तोंड तसंच बांधलेलं. "मग गेली कुठं?"

 खरं सांगतो, मला स्वतःलाच कळत नव्हतं. समोर गावचे सगळे डोळे. चोर कसा उभा राहतो ते मला त्या दिवशी कळलं, चोरी न करता.

तवा दादा पुढं झाला. त्याचं पोतं तोलून बरोबर उतरलं होतं. तो म्हणाला, "वस्ताद, ह्याच्या मागं कातळावर पान्याचं थेंब पडलं व्हतं. मी त्यातच पाय ठिवत आलो. मला वाटलं, बेट्याला किती घाम येतोय." त्यानं माझ्या पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला आणि मूठ वर काढली. वाळू ओली, मुठीचा आकार तसाच राहिलेला. "नदीतली भरलीया ह्यानं. पानी गळलं वाटंत. वाळू हाय तेवढीच हाय."

वस्तादांनी माझ्या पाठीला हात लावून बघितला. मग ते हसले, आणि सगळं गाव हसलं. हलगी पुन्हा सुरू झाली. मिठाईवाला तेवढ्यात रिकाम्या हातानं वर आला होता, तो म्हणाला, "आरं, देवाला आंघूळ घालाय पानी आनलं व्हय!"

कुणीतरी माझ्या डोक्यावर फेटा धरला. वस्तादांनी भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "उचल, आन म्हण."

मी हात पुढं केला. पिवळा धम्मक भंडारा, बोटांपासून वीतभर लांब. मनात सगळं तयार होतं. धोंडा जमीन नव्हे. कुणी बघितलं नव्हतं. महिन्यानं कुस्ती. आणि हात खाली जाईना.

"उचल की रं," वस्ताद म्हणाले. "कशाची वाट बघतुयास?"

"वस्ताद," मी म्हणालो, "पोतं मी टेकवलं. कातळाच्या वरच्या धोंड्यावर. गाठ सुटली व्हती."

हलगीवाल्याचा हात हवेतच राहिला. वस्तादांनी ताट खाली ठेवलं. 

दादाच बोलला. "जाऊ द्या की वस्ताद. गमतीची शर्यत हाय. धोंड्यावर टेकवलं तर काय झालं? पोरगं पुढं व्हतं माझ्या."

वस्तादांचं तोंड मवाळ झालेलं मी बघितलं. ते 'बरं' म्हणणारच होते. पण ती कीव मला दोरीपेक्षा जास्त रुतली. ज्यानं माझी अर्धा इंच छाती चारचौघांत काढली, त्याच्या तोंडची माफी घेऊन मी हौद्यात उतरू?

"न्हाई," मी म्हणालो. "तुमी नेम घातला, मी मोडला. सालभर न्हाई म्हंजी न्हाई."

फेटा दादाच्या डोक्यावर गेला. त्यानं तो यात्रेतसुद्धा बांधला नाही, असं मी नंतर ऐकलं. माझी कुस्ती दुसऱ्याला लागली. तो हरला.

मी हौद्यात पाय ठेवला नाही. रोज सकाळी तालमीच्या वक्ताला नदीवर जायचो, अर्धा मण वाळू उपसायचो, काठावर पसरून वाळवायचो, आदल्या दिवसाची वाळलेली पोत्यात भरायचो आणि डोंगर चढायचो. यात्रेच्या आधी हौदाचा गिलावा झाला, तरी मी थांबलो नाही. वरचे ओटे झाले, पायऱ्या झाल्या. कधीकधी दादा शेजारनं चालायचा, त्याच्या पाठीवर त्याचा पिठ्ठू, भरलेला. आम्ही शर्यत लावली नाही.

साल भरल्यावर वस्ताद घरी बोलवायला आले. माझ्या छातीकडं बघून म्हणाले, "आता घेतील की रं तुला पलटनीत." मी म्हणालो, "आता मी जानार न्हाई."

त्या धोंड्यावरनं मी किती वेळा गेलो त्याला गणती नाही. एकदाही त्याला पाठ लावली नाही. धोंडा म्हणजे जमीन नव्हे, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. कुणीही येऊन वाद घालावा. फक्त भंडारा पुढं करू नये.